यमुताईंचे क्रोटन

माझ्या अंगणात रंगीत पानांची झाडं पुष्कळ आहेत. कोलियस आहे, कॅलेडियम आहे, त्या कोपऱ्यात लाल ड्रॅसिना आहे. क्रोटन मात्र तुम्हाला दिसणार नाही. नर्सरीवाला दर पावसाळ्यात आग्रह करतो, फुकट देतो म्हणतो, तरी मी घेत नाही. तुम्ही आत आल्या आल्या नेमकं तेच विचारलंत. बसा. हे ऊन उतरेपर्यंत तुम्हालाही निघता यायचं नाही. सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मी पूर्ण झाडांची. इथं प्रतापनगरलाच, आमच्या मागच्या गल्लीत प्रीती राहायची. प्रीती आणि तिचा नवरा विक्रम. मुलगा गौरांग पुण्याला शिकायला. एके दिवशी तिचा फोन आला.

"उत्तरा, आम्ही दोघं मनालीला चाललोय. आमच्या कुंड्यांना पाणी घालशील का गं? त्याच्या बदल्यात हव्या त्या क्रोटनला गुटी बांध आणि खुशाल घेऊन जा."

गुटी म्हणजे फांदीची साल अंगठीसारखी सोलायची, तिथं ओलं शेवाळ बांधायचं आणि मुळं फुटली की फांदी कापून नव्या कुंडीत लावायची. मला आनंदच झाला. तसे क्रोटन अख्ख्या नागपुरात नव्हते. फुलांच्या प्रदर्शनात दर वर्षी बक्षीस ठरलेलं. बक्षीस प्रीती घ्यायची, पण झाडं तिची नव्हती. ती तिच्या सासूबाईंची, यमुताईंची.

यमुताई म्हणजे मूळच्या नागपूरच्या जुन्या महाल भागातल्या घराण्यातल्या. यजमान विश्वनाथराव गेल्यावर त्यांनी सगळा जीव त्या कुंड्यांमध्ये घातला. मला त्यांनीच शिकवलं. म्हणायच्या, "क्रोटनला ऊन दाखव, तो रंग दाखवेल. सावलीत कोंडलास तर हिरवा पडेल आणि तुझ्याकडे बघणार नाही." पेंडीचं पाणी किती दिवस कुजवायचं, पानामागचे पांढरे पिठ्या ढेकूण कसे पुसायचे, सगळं त्यांच्याकडून. आणि एक गोष्ट त्या नेहमी बजावायच्या, की क्रोटनची जागा बदलू नये. जागा बदलली की तो एका रात्रीत पानं टाकतो. त्यांच्या मागच्या पडवीत एक जुना क्रोटन होता, लांब पानांचा, इतका गडद लाल की काळाच वाटावा. त्याला त्या "काळी" म्हणायच्या. मुलीला हाक मारावी तशा.

मग त्यांना लकवा झाला. एक बाजू गेली, वाचा गेली. पडवीला लागून असलेल्या खोलीत त्यांची लोखंडी खाट टाकली. मी एकदा भेटायला गेले होते. खिडकीतून काळी दिसत होती, पण यमुताई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या कोपऱ्यातल्या माठाकडे बघत होत्या. ओठांवर सालं निघाली होती. मी फुलपात्र भरून त्यांच्या तोंडाला लावलं. दोन घोट घेतले असतील नसतील, प्रीतीनं हसत हसत माझ्या हातातून फुलपात्र काढून घेतलं.

"नको गं सवय लावूस. पाणी दिलं की चादर ओली करतात. दिवसभर कोण बदलणार?"

असं म्हणून तिनं झारी उचलली आणि पडवीतल्या कुंड्यांना पाणी घालायला लागली. खिडकीच्या समोर. यमुताईंचे डोळे त्या धारेवर होते. ते डोळे मी विसरले नाही.

पुढच्या मे महिन्यात त्या गेल्या. झोपेतच गेल्या, असं सगळ्यांना सांगितलं. आणि बरोबर वर्षानं, त्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवसांत, हे दोघं मनालीला निघाले होते.

पहिल्या संध्याकाळी मी गेले. घर बंद होतं, पडदे ओढलेले. मागच्या पडवीत हिरव्या जाळीखाली कुंड्या ओळीनं मांडलेल्या. पिवळ्या ठिपक्यांचे, स्प्रिंगसारख्या वळलेल्या पानांचे, केशरी शिरांचे. नळीनं पाणी घातलं. एक लक्षात आलं, पण मनावर घेतलं नाही. कुंडीच्या तळच्या भोकातून पाणी बाहेर आलं नाही. एकाही कुंडीतून नाही. म्हटलं, उन्हाळा आहे, माती तापली असेल.

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. मी नवी घागर आणायला बाजारात गेले होते. परतताना दुपार झाली. ऊन मी म्हणत होतं. तुम्ही नागपूरच्या मे महिन्यातली दुपार बघितली आहे ना? रस्त्यावर कुत्रं नसतं. सगळी दारं-खिडक्या बंद, नुसती कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. मी तोंडाला दुपट्टा बांधून प्रीतीच्या घरावरून जात होते आणि फाटकातून पडवीच्या कोपऱ्याकडे नजर गेली. सगळी पानं माना टाकून लोंबत होती. जणू महिनाभर कुणी पाणी दाखवलं नव्हतं.

भर दुपारी झाडांना पाणी घालू नये, हे मला कळतं. तरी मी आत गेले. मातीत बोट घातलं. आतपर्यंत राख. कोरडी, गरम राख. कालचं पाणी गेलं कुठं?

बादली भरली आणि काळीच्या कुंडीत ओतली.

तेव्हा तो आवाज ऐकला. पाणी मातीत मुरताना चर्र होतं, बुडबुडे येतात. तसा नव्हता तो. घोट घेतल्याचा आवाज होता. एक घोट, मग श्वास घ्यायला थांबावं तसं थांबणं, मग दुसरा घोट. घाईघाईनं. तोंडातून ओघळेल या भीतीनं प्यावं तसा.

मी बादली खाली ठेवली. आवाज थांबला. आणि लगेच खोलीच्या आतून, त्या खिडकीच्या मागून, दुसरा आवाज सुरू झाला.

टण... टण... टण...

धातूवर धातू. फुलपात्र खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटावं तसा. जोर नव्हता त्यात. ज्याच्या हातात जोर उरलेला नाही, त्याचा आवाज. मी पुन्हा पाणी ओतलं. टणटण थांबली, घोट सुरू झाले. बादली रिकामी झाली. घोट थांबले.

टण... टण...

मी घागर तिथंच टाकून फाटकाबाहेर आले. शेजारच्या घराच्या व्हरांड्यात चंपतराव बसले होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, एकटे राहायचे. इतक्या उन्हात, कूलर न लावता, मांडीवर पाण्याचा जग घेऊन बसलेले. माझ्याकडे बघून त्यांनी जग तोंडाला लावला. गळ्याची घाटी वरखाली होत राहिली. जग खाली घेतला तेव्हा मला त्यांचे ओठ दिसले. फुटलेले, काळे पडलेले.

"आवाज आला ना, बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

मी नुसती मान हलवली.

"मले मालूम होतं. म्हनून तं यंदा मी चाबी घेतली नाही."

"यंदा म्हणजे?"

ते पुन्हा प्याले. मग खालच्या आवाजात बोलायला लागले.

"मागच्या साली बी हे दोघं फिराले गेले होते. चाबी माह्याजवळ होती. प्रीतीबाईनं सांगतलं, नुसतं कुंड्याइले पाणी टाका. मांगच्या खोलीचं दार खोलू नका. यमुताईसाठी बाई ठेवली हाय, ती येऊन पाहीन. मी एक बी दिवस बाई पायली नाही."

"मग?"

"पहिल्या दिवशी आतून आवाज येऊन राहिला होता. असाच... टण, टण. दुसऱ्या दिवशी बी आला. जरासा बारीक. मग..." त्यांनी जगाच्या तळाकडे पाहिलं. "मग नाही आला."

"चंपतराव, तुम्ही दार का नाही उघडलं?"

"मले वाटलं, मांजर असन."

"खरंच वाटलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "कोनाच्या घरातलं आपन काहून बोलाव, बाई? लोकं नाव ठेवतात. ते दोघं आले तवा ओळखीच्या डॉक्टरले बोलावलं, त्यानं लिहून देलं, म्हातारपण. संपलं." मग एकदम त्यांचा आवाज रडवेला झाला. "पन मी रोज पाणी टाकलं, बाई. देवाशपथ सांगतो. एक बी कुंडी वाळू देली नाही."

मला तिथं उभं राहवेना. रस्त्यावरच्या कडुनिंबाखाली जाऊन मी प्रीतीला फोन लावला. तिकडून वाऱ्याचा आवाज आला, कुणीतरी हसत होतं. तिनं आधी झाडांचीच चौकशी केली. काळी कशी आहे? पानं टाकली नाहीत ना?

"प्रीती, मागच्या खोलीतून आवाज येतोय."

मला वाटलं ती घाबरेल, नाहीतर खोटं बोलेल. ती कंटाळल्यासारखी म्हणाली, "हो, येतो. तू लक्ष नको देऊस. दार उघडू नकोस आणि खिडकीतून पाणी तर अजिबात देऊ नकोस. एकदा दिलं की मागतच राहतात. जिवंत होत्या तेव्हाही असंच होतं."

फोन तिनंच ठेवला.

त्या क्षणापर्यंत मला फक्त भीती वाटत होती. नंतर जे वाटलं त्याला काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही. पण मी परत आत गेले.

खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. गंजलेली, सरकवताना किंचाळली. आत अंधार, आणि इतका कोंडलेला उष्मा की श्वास घशातच अडकला. वास होता सुकलेल्या चादरीचा, जुन्या तेलाचा, आणि त्याखाली कुठंतरी क्रोटनचं पान तोडल्यावर येतो तसा हिरवा, कडवट वास. डोळे सरावले तेव्हा खाट दिसली. गादी तशीच होती. वर्षभर ती कुणी उचलली नव्हती.

खिडकीच्या गजांतून काळीची एक फांदी आत आली होती. बाहेरून ती कधी दिसली नव्हती. अंधारात वाढलेल्या फांदीची पानं हिरवी, पोपटी असायला हवीत. ही लाल होती. ताज्या जखमेसारखी लाल. फांदी खाटेवर आडवी पसरली होती आणि तिला गादीत मुळं फुटली होती. शेवाळ नाही, माती नाही, पाण्याचा थेंब नाही, तरी गादीच्या कापसात पांढऱ्या मुळांचं जाळं पसरलं होतं. ते जाळं नुसतं पसरलेलं नव्हतं. त्याला डोकं होतं. खांदा होता. एक हात होता, एक पाय होता. दुसरी बाजू, लकव्याची, मोकळी होती. तिथं एकही मूळ नव्हतं.

हाताच्या टोकाशी, पानांच्या झुबक्यात, फुलपात्र अडकलं होतं. ते हललं.

टण.

"यमुताई..." मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

झुबका माझ्या दिशेनं वळला. वारा नव्हता. पानं एकमेकांवर घासली, आणि त्या घासण्यातून शब्द आला. वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून यावा तसा, अर्धा, कोरडा.

"पा...णी..."

मी नवी घागर नळावर भरली. पितरांसाठीच आणलेली होती ती. फुलपात्र त्या पानांतून अलगद सोडवून घेतलं आणि जिथं डोकं होतं तिथं, गादीवर, हळूहळू पाणी सोडलं. घोट ऐकू आले. गादी ओली झाली नाही. मी पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. घागर संपली. परत भरून आणली. बादल्या आणल्या. पडवीत येरझारा घालून माझे पाय भाजले, हाताला फोड आले. प्रत्येक वेळी शेवटचा थेंब पडला की तोच आवाज यायचा.

"अजून..."

तिसऱ्या प्रहरी नळाची धार बारीक झाली, मग तुटली. गच्चीवरची टाकी संपली होती. माझ्या तोंडाला कोरड पडली होती, पण मी स्वतः एक थेंब घ्यायचं धाडस केलं नाही. घागर उपडी करून दाखवली.

"अजून... अजून..."

आणि फांदी पुढे सरकली. मुळं गादीतून सुटायला लागली, कापूस फाटल्याचा आवाज आला. पानांचा झुबका माझ्या मनगटावर टेकला. ती पानं गरम होती, तापानं फणफणलेल्या हातासारखी. एक पान बोटासारखं वाकून माझ्या नाडीवर थांबलं. तिथंही ओल असते, हे तिला कळलं होतं.

मी ओरडले नाही. मी म्हटलं, अगदी स्पष्ट म्हटलं, "यमुताई, माझ्याजवळ होतं ते सगळं दिलं. राहिलेलं ज्यांनी दिलं नाही, त्यांच्याकडे मागा."

सगळं थांबलं.

मग एकदम, एकाच वेळी, फांदीवरची सगळी पानं गळाली. गादीवर, जमिनीवर, माझ्या पायांवर. बाहेर पडवीतूनही सळसळ आली. मी बघितलं तर काळीवर एक पान उरलं नव्हतं. जागा बदलली की क्रोटन पानं टाकतो. यमुताई त्या खोलीतून निघाल्या होत्या.

संध्याकाळी प्रीतीचा फोन आला. पलीकडे पाण्याचा आवाज. "उत्तरा, विक्रम दुपारपासून पाणी पितोय. थांबतच नाहीये. बेसिनच्या नळाला तोंड लावून बसलाय, वेड लागल्यासारखा. तू दार उघडलंस का? उत्तरा, तू दार उघडलंस?"

मी फोन बंद केला.

विक्रमनं तिथल्याच एका दवाखान्यात प्राण सोडला. हॉटेलची खोली रिकाम्या बाटल्यांनी भरली होती म्हणे, आणि डॉक्टर म्हणत होते की ह्यांना कित्येक दिवस पाणीच मिळालेलं नाही. प्रीतीला नागपूरला आणलं. तेव्हा तिलाही सुरू झालं होतं. गौरांग पुण्याहून आला. बिचारा, आजीवर फार जीव होता त्याचा. आजी गेली तेव्हा तो परीक्षेत होता, त्याला तिचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं.

त्यानंच मला बोलावलं. "मावशी, आई सारखं तुमचं नाव घेते. एकदा याल का?"

मी गेले. दवाखान्यात, खिडकीजवळच्या पलंगावर प्रीती होती. दोन्ही हातांना सलाईन. बाटली लावली की बघता बघता रिकामी व्हायची. सिस्टर पुन्हा पुन्हा नळी तपासायची, गळते कुठं ते बघायची. चादर कोरडी होती. प्रीतीची कातडी हाडांना चिकटली होती, जीभ सुजून दातांच्या बाहेर आली होती. मला बघून तिनं पलंगाच्या दांडीवर बोटातली अंगठी आपटली. हाक मारायला तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"त्यांना... सांग. पुरे... म्हणावं."

"मी सांगून काय होणार, प्रीती?"

"तुझं... ऐकतात. तू... पाजलं होतंस..."

खरं होतं ते. मी सांगितलं असतं तर यमुताई कदाचित थांबल्या असत्या. उशाशी पाण्याचा तांब्या होता. प्रीतीचे डोळे माझ्यावरून त्या तांब्याकडे गेले आणि तिथंच राहिले. असे डोळे मी आधी एकदा बघितले होते. मला दया आली, नाही कशाला म्हणू? पण जीभ हलली नाही. दारात गौरांग उभा होता, मला हात जोडून. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि घरी आले.

प्रीती मृगाच्या आधी गेली. चंपतरावांना त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा येऊन घेऊन गेला. पुढे त्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत नाही.

इथवर सगळं मला समजतं. ज्यांनी दिलं नाही, त्यांच्याकडून घेतलं. हिशोब क्रूर असला तरी कळण्यासारखा आहे. पण हिशोब पुरा झाल्यावर घाटावर जे घडलं, ते मात्र मला आजवर उलगडलेलं नाही.

हल्ली बायकाही घाटावर जातात, मीही गेले होते. गौरांगनं अग्नी दिला. मग गुरुजींनी नवं मडकं नळावर काठोकाठ भरून त्याच्या खांद्यावर दिलं. भरताना मी शेजारीच होते, पाणी माझ्या पायावर सांडलं. चितेभोवती एक फेरी झाली की दगडानं मडक्याला भोक पाडतात आणि पाण्याची धार लागते. गुरुजींनी दगड मारला. भोक पडलं. धार आली नाही.

"जोरात चला," गुरुजी म्हणाले. दुसरी फेरी, दुसरं भोक. काही नाही. तिसरं. गौरांग उन्हात फिरत होता, पाठ पार कोरडी, आणि त्याचं त्याला भान नव्हतं. मग पद्धतीप्रमाणे त्यानं मागं न बघता मडकं खांद्यावरून टाकलं.

ते फुटलं. जमिनीवर थेंबभर ओल पडली नाही.

गुरुजींनी वाकून एक खापर उचललं, आतून बोट फिरवलं आणि चटकन टाकून दिलं. "चला, चला," म्हणाले, "बाकीचं राहू द्या." लोक निघाले. गौरांग सगळ्यांच्या पुढे होता. मी मागं राहिले, म्हणून मला नीट दिसलं.

नवं मडकं आतून खरबरीत असतं, कुंभाराच्या बोटांचे वळ असतात त्यात. ती खापरं आतून गुळगुळीत होती. गायीनं वासराला चाटून काढावं, तशी.